दोनदा मिळालेला तळमजला

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तुमच्या सांगलीच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली ती बांबू बांधलेली खुर्ची कशाला असायची?" ही गोष्ट मला फोनवर सांगता येत नाही. मधेच हसू येतं आणि पुढचं राहून जातं. म्हणून लिहून पाठवते, अगदी क्रमाने.

सत्तरीच्या दशकात आम्ही सहा कुटुंबांनी मिळून सांगलीत नदीच्या अंगाला एक सोसायटी बांधली. तळमजला, त्यावर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. नियम असा ठरला, की शेजाऱ्याची जात विचारायची नाही आणि त्याच्या चुलीवर काय शिजतंय तेही विचारायचं नाही. वास चांगला आला तर वाटी घेऊन जायला मात्र हरकत नव्हती. मी साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकलेली, सरकारी पत्रं लिहिता येणारी, म्हणून मला सेक्रेटरी केलं. घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची, हा आग्रह माझाच होता.

आणि माझ्याच चिठ्ठीत दुसरा मजला निघाला.

इथे तुमच्या पणजीबद्दल सांगायला हवं. त्या माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मामंजी गेल्यापासून आष्ट्याच्या घरात एकट्या राहायच्या. एकदा न्हाणीत पडल्या आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून तुमच्या आजोबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. खूप विनवण्या केल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "तळमजला असंल तर ऱ्हाते. न्हाईतर सांजच्या यष्टीनं माघारी. जिना चढणं माज्या गुडघ्यांनी व्हायचं न्हाई."

तळमजल्यावरच्या एका घरात एक तेलाचे व्यापारी आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी तोरण बांधून सात मुलं आत सोडली, त्यामुळे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुसरं घर एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला मिळालं होतं. पहिल्या मजल्यावर शिराळ्याकडचे एक सुभेदार आणि त्यांच्या समोर बँडमास्तर. सुभेदारांचा एक पाय लढाईत गेलेला, तिथे लाकडी पाय. बँडमास्तर मुसलमान, सांगलीतली निम्मी लग्नं त्यांच्या क्लॅरिनेटवर लागलेली. दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोर मिरजेच्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाई.

आता नीट लक्ष द्या. नव्या नवरीला सुभेदारांच्या पायाची दया आली. ती त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही आमचं खालचं घर घ्या, आम्ही तुमच्या घरात जातो." सुभेदार हो म्हणाले, आणि लगेच तुमच्या आजोबांना गाठून म्हणाले, "तळमजला आता माजा हाय. तो तुमच्या आईंना द्या. मी जातो तुमच्या दुसऱ्या मजल्यावर."

"अहो, पण तुमचा पाय?"

"लाकडाला दुखतंय कुठं?"

इकडे नवरदेवाने, बायकोला न सांगता, तेच घर बँडमास्तरांना देऊ केलं, कारण त्यांचा मोठा ढोल जिन्यात अडकत होता. आणि बँडमास्तरांच्या बायकोने माझा हात धरून सांगितलं, "भाभी, तळमजला आम्हाला मिळाला. तो तुमच्या सासूबाईंना घ्या. आम्ही जातो तुमच्या जागी वर. ढोल काय, दोरीने ओढून घेऊ."

मी डोळे पुसून हो म्हटलं. तुमच्या आजोबांनीही हो म्हटलं होतं. दोघांनाही एकमेकांना चकित करायचं होतं, म्हणून दोघंही गप्प. नवरा-नवरीचंही तेच. मी सेक्रेटरी, सगळ्यांच्या सामानावर खडूने घराचे नंबर घातले होते. लोकांनी ते गुपचूप पुसून आपापले नवे घातले.

सगळ्यांनी राहायला येण्याचा दिवस एकच होता. आत्याबाईंना रिक्षातून उतरवून तळमजल्याच्या दारात लाकडी खुर्चीवर बसवलं. मांडीवर गाठोडं. जिन्यातून सुभेदारांची ट्रंक वर निघाली, मागून ढोल. दोन्ही आमच्या दारात एकदम पोहोचले.

"सुभेदारसाहेब, हे घर आमचं."

"आवं मास्तर, कालपासनं माजं हाय!"

"पण तुम्हाला तर तळमजला मिळाला होता."

"तो मी दिला. तुमी कसं हितं?"

"मलाही तळमजलाच मिळाला होता. मीही दिला."

खाली पहिल्या मजल्यावर नवरी आपला पलंग सुभेदारांच्या घरात लावून मोकळी झाली होती आणि नवरदेव गाद्या घेऊन समोर बँडमास्तरांच्या घरात बसला होता. "अगं, पलंग कुठाय?" "अहो, गादी कुठाय?" दोन दारांतून दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नर्सबाई पायरीवर बसून हसत होत्या. तेलाच्या व्यापाऱ्यांची सात मुलं कठड्यावरून घसरत होती. मी हातात खडू घेऊन जिन्याच्या मधोमध उभी, आणि कोणाचा नंबर कुठे घालायचा ते मला कळेना.

तेवढ्यात वरून लाकडी पायाचा आवाज आत्याबाईंना ऐकू आला. टक्, टक्. त्यांनी मला विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या हसल्याच नाहीत.

"एक पाय गेल्याला गडी माज्यापायी वर, आन् दोन पायाची मी खाली? जमायचं न्हाई. ज्याचं घर त्याला द्या. मी चालले आष्ट्याला."

तुमच्या आजोबांचा चेहरा पांढरा पडला. सुभेदार वरून ओरडले, "मावशी, पाय मोजायचं हाय काय ह्यात?"

"मोजायचंच हाय. तू उतर खाली."

"न्हाई उतरत. तुमी न्यायला या."

सुभेदार हट्टाला पेटले होते. आत्याबाईही काही कमी नव्हत्या. "येते! मला वर न्या रं कुणीतरी. ह्याला कानाला धरून उतरवते आन् मग यष्टी गाठते."

बँडमास्तरांची माणसं सामान उचलायला आली होती, आणि संध्याकाळी मिरजेला लग्नात वाजवायचं होतं म्हणून सोनेरी झालरीच्या लाल गणवेशातच आली होती. त्यांनी गाठोडं दारात ठेवलं, खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघांनी आत्याबाईंना उचललं. मास्तरांना राहवेना. त्यांनी क्लॅरिनेट काढलं आणि वरातीची चाल धरली. ढोल वरच होता, तो वरून घुमू लागला. नर्सबाई दोन्ही बाजूंनी गुडघे सांभाळत "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या. आत्याबाई पदर सावरत ओरडत होत्या, "अरं हळू! माजं लगीन झालंय कवाच!" पहिल्या मजल्यावर नवरीने अक्षता म्हणून हातातले पोहेच उधळले.

वर पोचल्यावर त्यांनी खरंच सुभेदारांचा कान धरला. मग दम खायला म्हणून आमच्या गॅलरीत खुर्ची ठेवायला लावली.

समोर नदी होती. नदीवर पूल, आणि पुलावरून लाल यष्टी आष्ट्याच्या रस्त्याला लागत होती. आत्याबाई बघत राहिल्या. एक गेली, थोड्या वेळाने दुसरी आली.

"ही आपली काय?" त्यांनी विचारलं.

"आष्ट्याचीच," तुमचे आजोबा म्हणाले.

"खालनं हे दिसतं?"

"नाही. खालून समोरची भिंत दिसते."

गॅलरीच्या दारात आम्ही सगळे ताटकळत उभे. सुभेदार कान चोळत होते. मग आत्याबाई म्हणाल्या, "उतरायचं म्हंजे परत एवढी वरात. त्यापरीस ऱ्हाते हितंच. यष्टी काय, रोज हितनंच बघीन."

एकच ओरडा झाला. ढोल पुन्हा सुरू झाला. त्याच गडबडीत सुभेदारांची ट्रंक खाली गेली, ढोल खाली गेला, पलंगाची आणि गादीची पुन्हा गाठ पडली. अंधार पडायच्या आत प्रत्येक जण चिठ्ठीत निघालेल्या त्याच घरात होता. मी जुने नंबर पुन्हा खडूने घालत फिरत होते.

खुर्ची जिन्याखाली राहिली. आत्याबाईंना कुठे जायचं असलं की ती निघायची, आणि क्लॅरिनेट नसेल तर त्या बसायला तयार नसायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांनी मला गॅलरीतून हाक मारली. "सूनबाई, माजं गाठोडं ऱ्हायलं बघ खाली. वर आण. आन् त्याच्यावर आकडा घाल बाई, न्हाईतर ते बी कुणीतरी प्रेमानं दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवंल."