पॅनेलताई आणि बाहेर पडायचं बटण

आमच्या फोंड्याच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याला एक नाटक करावं लागे. पॅनेलताई मेजाच्या एका बाजूला बसत, त्याला समोर बसवत आणि म्हणत, "तू मशीन. मी कामाक इलंय. विचार माका." पोरगा बिचारा इंजिनियर होऊन आलेला, तो गोंधळून विचारी, "तारीख?" ताई शांतपणे सांगत, "शिगम्याच्या आदल्या दिसा." पोरगा म्हणे, "चूक!" की झालं. ताई चष्मा काढून मेजावर ठेवत. "घराक कोण इलो आनी 'चपला खंय काढू' म्हणान विचारलान, तर तू 'चूक' म्हणान सांगतलस?"

हे नाटक मीही केलंय. सर्वण गावाहून रोज मोटरसायकल हाणत येणारा मी, कॉलेजात पहिला वर्ग मिळवून डोकं जरा वरच धरून चालणारा. मेनफ्रेम म्हणजे आजोबांच्या काळातलं यंत्र, ते अजून कोण वापरतं, असं मला वाटे. पुढे कळलं की परदेशातल्या एका मोठ्या विमा कंपनीचा सगळा संसार त्याच यंत्रावर चालतो. यंत्र तिकडे, आम्ही इकडे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नाही, चित्र नाही. यंत्राने एक पडदा पुढे करायचा, त्यातल्या रिकाम्या जागा माणसाने भरायच्या, एंटर दाबायचं, मग यंत्राने उत्तर द्यायचं. अशा प्रश्नोत्तरांनी चालणारे प्रोग्राम लिहिणं हा आमचा धंदा. त्या पडद्याला पॅनेल म्हणतात. ताईंचं खरं नाव शालन, पण बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा त्यांना पॅनेलताईच म्हणायचा.

ताई पेडण्याकडच्या, पार्सेच्या. आठवडाभर फोंड्यात बहिणीकडे राहत आणि शनिवारी घरी पळत. त्यांचे वडील दशावतारात काम करायचे, आणि प्रोग्रामिंग आपण त्यांच्याकडूनच शिकलो असं त्या छातीठोकपणे सांगत. "थंय संवाद लिवन नसतत रे. समोरचो काय उलयता तां आयकूचां, मगे आपण उलवचां. तुमी पोरां आधीच सगळा लिवन ठेयतात आनी मगे समोरच्यान तसाच बोलाक होया म्हणतात." आम्ही पोरं हसायचो. पण ताईंच्या पॅनेलवर काम करणारा माणूस मदतीला हाक मारत नाही, हे आमच्याही ध्यानात आलं होतं.

पडद्यावर ताई भरपूर मोकळी जागा सोडत. मी एकदा दोन पॅनेलचा मजकूर एकात कोंबून मोठ्या ऐटीत दाखवायला नेला. ताईंनी तो मोठ्याने वाचायला सांगितला. मध्येच मला दम लागला. "बघ, तुकाच वाचूक जमना नाय," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून पोयी, पोदेराकडचा कोंड्याचा पाव, काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्यांचं रागावणं बहुतेक वेळा खाण्यातच संपायचं, त्यामुळे त्यांच्याकडून बोलणी खायला आम्ही फारसे घाबरत नसू.

त्यांनी लिहिलेल्या सगळ्या पॅनेलांत एक त्यांचं लाडकं होतं. विम्याचे दावे नोंदवायचं. त्यात एफ-थ्रीचं बटण दाबून बाहेर पडलं, की जेवढं भरलं असेल तेवढं यंत्र आपणहून जपून ठेवायचं. कुणाला मध्येच उठावं लागलं तरी त्याची मेहनत फुकट जाऊ नये, हा ताईंचा हिशेब. नवीन पोरांना चांगलं पॅनेल म्हणून तेच दाखवलं जाई आणि ताई तेव्हा उगाचच खिडकीबाहेर बघत. कौतुक ऐकू येत नाही असं दाखवायची त्यांची ती पद्धत होती.

आमच्या खालच्या मजल्यावर दावे नोंदवणारी मंडळी बसत. त्यांत सुवर्णा नवीन आलेली. बेळगाव जिल्ह्यातली, नवरा इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगी इथल्याच शाळेत. आधीच्या नोकरीत तिने असल्याच काळ्या पडद्यावर काम केलं होतं. बोटं अशी चालायची की बघत राहावं. पण तिच्या नावावर चुकीच्या नोंदी निघू लागल्या. एकाच दाव्याच्या दोन-दोन नोंदी, एक धड आणि एक अर्धवट, वेडीवाकडी. साहेबांनी दोनदा समज दिली आणि मग सांगितलं, महिनाअखेर हिला कायम करायचं नाही. एकट्या नवऱ्याच्या पगारात इथलं भाडं निघणार नव्हतं. तिघांनाही गावी परतावं लागलं असतं. सुवर्णा जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसलेली दिसायची, आणि मला आपलं उगाच अपराधी वाटायचं.

ताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जी इतक्या बेगीन टायप करता ती अशी चुकतली कशी?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्ची घेऊन सुवर्णाशेजारी जाऊन बसल्या. हात मांडीवर, तोंड बंद. मी मागे उभा. सुवर्णा बराच वेळ झरझर भरत होती. मग एका नोंदीत रक्कम चुकली, तिने जीभ चावली, एफ-थ्री दाबलं आणि पहिल्यापासून नवी नोंद सुरू केली.

"थांब गो," ताई म्हणाल्या. "आता बाहेर कित्याक पडलस?"

"चुकलं की ताई. म्हणून टाकून दिलं."

"टाकून दिलस?"

"मग? चूक कोण जपून ठेवतंय?"

ताईंनी वाकून पडद्याच्या तळाशी बोट टेकवलं. तिथे एफ-थ्रीपुढे फक्त 'बाहेर' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. नोंद जपली जाईल, असं कुठेही लिहिलं नव्हतं. सुवर्णाच्या जुन्या ऑफिसात ते बटण दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जायचं. आमच्याकडे सोडून द्यायचं बटण वेगळं होतं. जुन्या लोकांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं की नव्या माणसाला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती बिचारी चूक टाकतेय असं समजून प्रत्येक चूक आमच्या यंत्राच्या स्वाधीन करत होती.

ताई तशाच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मला वाटलं, आता प्रशिक्षणावर खापर फोडतील, कुणीही तेच केलं असतं. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "साहेब, चूक त्या चेडवाची नाय. पॅनेल माझां. मशीनीन विचारून करूचां म्हणान मी सगळ्यांक शिकयतंय, आनी मी स्वतः विचारलांच नाय. समोरच्याचां बरां कशात तां मीच ठरयलां." साहेब म्हणाले, "ताई, इतकी वर्षं ते पॅनेल चालतंय." ताई म्हणाल्या, "चालतां, कारण लोक सांभाळून घेतत. ती नवी, ती सांभाळूक शिकली नाय." मला ताईंचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांच्या एकाही प्रोग्रामचा वाटला नव्हता.

लाडक्या पॅनेलमधला तो भाग ताईंनी स्वतः काढला. आता बाहेर पडताना यंत्र एक छोटा प्रश्न विचारू लागलं, भरलेलं ठेवू की सोडून देऊ? परदेशातल्या कंपनीने होकार दिला. सुवर्णाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, आणि महिनाअखेर तिला कायम केल्याचं साहेबांनीच खाली येऊन सांगितलं. ती रडली, मग ताईंना नमस्कार करायला वाकली, तेव्हा ताई "उठ गो, काम पडलां आसा" म्हणून भराभर जिना चढून गेल्या.

पुढे ताई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी टाळलं, सगळ्यांना काजूगर वाटले आणि बस गाठली. खुर्ची रिकामी दिसली की बरेच दिवस चुकल्यासारखं होई. आता नव्या पोरांना मी शिकवतो, आणि कुठलंही पॅनेल पक्कं करण्याआधी खाली जाऊन सुवर्णाच्या शेजारी बसतो. ती सांगते ते ऐकतो. माझं डोकंही जरा खाली आलंय म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि सुवर्णा पार्सेला ताईंकडे गेलो. ताई बागायतीतून नुकत्याच आल्या होत्या, हाताला काजूच्या बोंडांचा वास. त्यांनी बोंडांचा ताजा रस, निरो, काचेच्या कोपांत ओतून पुढे केला आणि विचारलं, "मगे गो, अजून चुकतस?"

"चुकते की ताई. पण आता पॅनेल विचारतंय नव्हं? मग मी नको म्हणते आणि नवं भरते."

ताई खूप वेळ हसल्या. सुवर्णाचा कोप रिकामा झालेला दिसला, तशी त्यांनी भांडं उचललं, कोपावर तिरकं धरलं आणि मध्येच थांबल्या.

"घालू गो आणखी?"

"घाला की," सुवर्णा म्हणाली.