शनीसाठी हरताळ

शनी थाळीएवढा दिसेल, असं कमलाकांतनं सांगायला नको होतं. भोईवाड्यातल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत पाट मांडून, डोक्यावरून पदर घेऊन बकुळाकाकूंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाल्या, "तांदळाचा दाणा आहे. आणि नाचतोय."

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसली बेबी, काकूंची मुलगी. खरं तर हसणं तिला परवडणारं नव्हतं. तिचं नि कमलाकांतचं जुळलंय हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. पण काकूंना साडेसाती चालू होती, आणि ती उतरेपर्यंत घरात लग्नाचा विषय निघायचा नाही असा त्यांचा हुकूम. शनी एकदा डोळ्यांनी पाहिला की भीती जाईल, या आशेनं कमलाकांतनं चोरबाजारातून ही दोन इंची दुर्बीण आणली होती.

माणूस मुळातच एका जागी न ठरणारा. कणकवलीच्या शाळेत बाकाखाली पाय हालायचा, तोच आता मिलच्या टाइम ऑफिसात टेबलाखाली हालत होता. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं वाटून त्यानं चपला झिजवल्या होत्या. असल्या माणसानं नळी धरली की गुरूचे चार चंद्र चाळीस व्हायचे. सोडली, तर गॅलरी लाकडी. टोकाला कुणी बादली घेऊन निघालं की इकडे शनीला हिसका.

"मुंबई बंद ठेवता ना?" तो ओरडला. "मग माझ्यासाठी हा मजला दोन मिनिटं बंद ठेवा! कुणी पाऊल उचलायचं नाही."

"मागणी काय रे तुझी?" शेजारच्या दारातून उर्मिलावहिनींनी विचारलं.

"बेबीसह संयुक्त महाराष्ट्र!" कुणीतरी परस्पर जाहीर केलं.

मजला थिजला. एकानं उंबऱ्यावर उचललेला पाय तसाच ठेवला. हालत होता तो फक्त कमलाकांतचा गुडघा. बेबीनं त्याच्या पावलावर आपलं पाऊल दाबून धरलं.

"अगो बाय," काकू पुटपुटल्या. "कडं आहे की याला! मधे फटसुद्धा दिसतेय." मग जरा वेळानं, "अरे, हा चालला!"

शनी कुठंच चालला नव्हता. पृथ्वी फिरते म्हणून तो नळीतून सरकतो. नळी बोटभर ढकलली की परत सापडतो. कमलाकांतचा हात सवयीनं पुढे गेला. बेबीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हात मागे आला.

"गेला," काकू उठल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "स्वतःहून निघालाय तर आपण कशाला धरून ठेवा? बेबीच्या मामाच्या कानावर घाला आता."

तेवढ्यात जळका वास आला. हरताळ मोडायला नको म्हणून वहिनी दारातून हालल्या नव्हत्या, आणि आत स्टोव्हवरचं दूध उतू गेलं होतं.

"अर्धा शेर होतं, कमलाकांत!"

"देतो, वहिनी. उद्या सकाळीच देतो."

करपलेलं पातेलं घेऊन वहिनी जिन्यापर्यंत आल्या, तोवर तो माटुंग्याला, मामांच्या घराकडे सुटला होता.