पडेगावच्या नाक्यावरची फुंक

धुळवडीच्या दुपारी कडुबा वेरूळहून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. पडेगावच्या नाक्यावर पोलिसांनी हात केला, तसा तो स्वतःहून खाली उतरला आणि दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत त्यानं फुंक मारली. भिण्यासारखं काही नव्हतं. हयात स्टेअरिंगवर गेली, पण दारूच्या बाटलीचं बूच त्यानं कधी उघडलं नव्हतं.

हवालदार पुंडलिकनं आकडा पाहिला, मग कडुबाचा पांढराशुभ्र शर्ट पाहिला.

"काका, वरून कोरडे अन् आतून चांगलेच रंगलात की."

"म्या पीत नाय, साहेब. आत्ताच डबा खाल्ला अन् दोन झाकणं कुमारीआसव घेतलं. पोटाचं औषध हाय."

"व्हय, आज समदे आजारीच हायेत. तुमच्या आधी एक खोकलेवाला गेला."

जेवणानंतर ते औषध त्याची बायको गीताबाई ओतून द्यायची. ती गेली, घरात भाकरी थापायची बंद झाली, पण औषधाची सवय राहिली. त्यात काय असतं, हे दोघांनी कधी विचारलंच नव्हतं. वैद्यानं दिलं म्हणजे औषध.

"कोर्टात कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा," पुंडलिक म्हणाला. "समदे तेच करतात."

कडुबानं पुण्याला मुलाला फोन लावला. आकाशनं सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, घेतली असेल तर असू दे. आई गेल्यापासून एकटे राहता, मी समजू शकतो. कबूल करून टाका."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर कडुबाला बरं वाटलं असतं.

मग तो नाक्यावरच्या फौजदार संध्याबाईंपुढे जाऊन उभा राहिला. "मॅडम, म्या कबूल करणार नाय. दुसरा काही इलाज हाय का?"

"रक्त तपासून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच घाटी दवाखान्यात नेते. पण अहवाल यायला महिने लागतात. तोवर लायसन आमच्याकडे राहील."

"घ्या रक्त."

मालकानं गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. कडुबाला दिवसभर घरात बसायची सवय नव्हती. तो सकाळीच आंघोळ उरकायचा आणि मग कुठं जायचं ते सुचायचं नाही. एकदा त्यानं खिडकीतली बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. औषधात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, असं त्यावर सरळ छापलेलं होतं. त्यानं बाटली परत खिडकीत ठेवली. रविवारी विहारात पंचशील म्हणताना मद्य न पिण्याच्या पाचव्या शीलाशी त्याचा आवाज अडला. शेजारच्यानं वळून पाहिलं. नाक्यावरची गोष्ट वस्तीत पोचली होती. पुढच्या रविवारी तो गेला नाही. गीताबाई असती तर विचारता आलं असतं, आपण नकळत इतकी वर्षं शील मोडलं का गं?

पावसाळा सरत आला तेव्हा अहवाल आला. तोंडात राहिलेल्या औषधानं यंत्राचा आकडा चढवला होता. रक्तात मात्र मर्यादेच्या जवळपासही काही नव्हतं. कोर्टानं त्याला सोडलं, लायसनही परत मिळालं.

आवारात येऊन त्यानं आकाशला फोन केला.

"सुटलो रे."

"बरं झालं बाबा. मी म्हणत नव्हतो का, काही होणार नाही?"

कडुबानं एक वाक्य किती दिवस तयार ठेवलं होतं. आता तरी पटलं का? फोनमध्ये मागं नातीचा आवाज येत होता. ती बापाला काहीतरी दाखवायला बोलावत होती.

"जा, ती बोलावती," तो म्हणाला.

त्यानं फोन ठेवला. वकील आणि पक्षकार त्याला वळसा घालून जात होते. मग त्यानं मालकाचा नंबर लावला आणि गाडी कुठं उभी आहे ते विचारलं.