फोनवर जेठ

मायचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला नंदुरबारच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. दिवसरात्र माणूस लागणार होतं आणि भाऊ ब्राह्मणपुरीला शेतीत, वहिनी शाळेत शिकवायला, मी सुरतेत. हाड जुळत आलं, पण माय मिटत गेली. ताट समोर आलं की तोंड फिरवायची. धड रडायचीही नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू आहेतच, पण रोज घरच्यांशी व्हिडिओ कॉल करा, घरची माणसं दिसली की यांना बरं वाटेल.

डॉक्टरांनी सांगायचाच अवकाश. भावाने संध्याकाळी ओट्यावर खुर्ची मांडून तिच्यावर मोबाईल टेकवला आणि सगळं घर समोर बसवलं. शेजारपाजारही यायचे. मी सुरतेहून सामील व्हायचे. मधोमध मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर घरात मोठे असे तेच एक उरलेले, त्यांना मागे बसवणार कोण? आणि माय? पदर असा पुढे ओढून बसायची की हनुवटी तेवढी दिसे. काहीही विचारलं तरी "बरं शे." संपलं. फोन धरून धरून तिथल्या आयाचा हात दुखायचा.

मला राग यायचा. माझं डोकं तसं लवकरच तापतं. एवढी माणसं गोळा करायची आणि हिचं आपलं एकच पालुपद. एकदा सगळ्यांदेखत मी तिला विचारलंच, की आमच्यावर असं रुसून बसून तुला काय मिळणार आहे? पदर आणखी खाली आला.

मग मोठे बाबा सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. घोडा घ्यायचा नसतो त्यांना, पण बघून आल्याशिवाय चैन पडत नाही. त्या संध्याकाळी मायने आपणहून पदर मागे सारला. म्हैस कोण दोहतं ते विचारलं, वहिनीच्या कळण्याच्या भाकरीला नावं ठेवली, चक्क हसली. जेवलीही म्हणे पोटभर. आम्ही खूश, गोळ्यांचा गुण आला म्हणून! मोठे बाबा परतल्यावर त्यांनाही तिचं हसणं बघायला मिळावं, म्हणून भावाने त्यांना अगदी फोनच्या पुढ्यात बसवलं. पुन्हा पदर, पुन्हा "बरं शे."

कपाळ आमचं. लहानपणापासून बघत आलेय मी. मोठ्या बाबांच्या वहाणा अंगणात वाजल्या की मायचं बोलणं जिथल्या तिथे थांबायचं. जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडं टाकायचं नाही, बोलायचं तर नाहीच. निरोपसुद्धा आम्हा पोरांकरवी. पण फोनवर कसला आलाय जेठ, असं आम्ही धरून चाललो. तिच्या लेखी जेठ तो जेठच, ओट्यावर असो की फोनच्या काचेत. ते सगळे महिने आम्हीच तिचं तोंड बंद केलं आणि वर रागावलो तिलाच. ती हळहळ जात नाही.

उमगलं ते मोठ्या बाबांनाच. एकदा कॉल चालू असताना ते मध्येच उठले. "मी आठे फोनपुढे बठेल शे तं ती कशी बोली?" एवढं म्हणाले आणि खळ्यात गुरांजवळ जाऊन बसले. मग रोज त्या वेळेला ते खळ्यातच असायचे. माय बोलायला लागली, जेवायला लागली. भाऊ तिला घरी आणायच्या तयारीला लागला, खाट कुठे टाकायची ते ठरत होतं. तेवढ्यात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

त्यानंतरच्या पहिल्या कॉलला तिचा पदर खांद्यावरच पडलेला होता. ओढायचा तो उजवा हातच गेला होता. मोठे बाबा खळ्यातून आले, फोनकडे पाठ करून बसले आणि भिंतीकडे बघत मायशी बोलले. थेट तिच्याशी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"बाई, घर चाल आते. मी खळामा ऱ्हासू."

मायने ऐकलं. तिचे डोळे त्यांच्या पाठीवर होते आणि ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती हो त्यांना. आम्ही सगळे कान देऊन बसलो, पण आवाज काही आला नाही.