ढोमणेकाकांचे हेडलॅम्प

ढोमणेकाका डोक्याला दिवा बांधून मैदानाच्या टोकाला उभे राहायचे, आणि मी, कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी चाळिशीची बाई, कडुनिंबाखाली उभी राहून त्यांना जीभ काढून दाखवायची. नेहरू नगरातल्या लोकांनी आमच्याकडे पाहून काय तर्क बांधले असतील ते बांधोत. तिथे हेडलॅम्पची तुलना चाललेली असायची, आणि त्या बाबतीत काका थट्टा खपवून घेत नसत.

पद्धत त्यांची स्वतःची. दिवेलागण झाली की मी झाडाखाली तोंडाचा एखादा अवतार करून थांबायचं: गाल फुगवून, डोळे मिटून, हसून नाहीतर रडवेलं होऊन. काका लांबून हळूहळू पुढे यायचे आणि चेहरा कळला की जागीच थांबून ओरडायचे, "हसून राहिली!" मग तिथून झाडापर्यंतची पावलं मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. पावलं जास्त, तो दिवा चांगला. पावर हाउस भागातल्या बाजारातला स्वस्तातला, पार्सलने आलेला भारीतला, मागे बॅटरीची डबी असलेला आणि मान आखडवणारा, असे कितीतरी दिवे त्या झाडासमोर परीक्षेला बसले. दर वेळी नव्याच्या जोडीला स्वतःचा जुना पिवळा दिवाही ते ताजे सेल घालून पुन्हा मोजत.

सुरुवातीला मी शहाणपणा करून खोक्यावरचे आकडे वाचून दाखवले होते. काकांनी खोकं माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे अंतर भिंतीचं असते, मास्तरीणबाई. भिंतीले काय होते? माणूस थकला का भ्याला, ते दिसलं पाहिजे. निस्ता माणूस दिसून काय फायदा?"

काका रेल्वेत की-मॅन होते. दुर्ग लाइनीवर रोज कित्येक किलोमीटर रूळ तपासत पायी चालण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगी अमरावतीला नांदत होती. पण पायांना बसायची सवय नव्हती. त्यांनी इथे परप्रांतात राहणाऱ्या आम्हा दहाबारा मराठी मंडळींचा एक गट जमवला. थंडीत पहाटेच्या अंधारात राजनांदगावकडच्या टेकड्या चढायच्या आणि सूर्योदय माथ्यावरून पाहायचा.

अशाच एका चढणीवर माझा पाय मुरगळला. लोकांचा खोळंबा नको म्हणून मी दगडावर बसून "मी ठीक आहे, जा तुम्ही पुढे" असं झकास आवाजात सांगितलं. सगळ्यांना पटलं. काका मात्र वरच्या वळणावरून मागे वळले. त्यांचा उजेड माझ्या तोंडावर आला आणि तिथूनच ते म्हणाले, "ठीक आहे म्हणते अन् रडून राहिली!" बाकीच्यांना वर पाठवून ते माझ्याजवळ बसून राहिले. त्यांचा सूर्योदय हुकला म्हणून मी हळहळले, तर म्हणाले, "त्याले काय, तो उद्याही येते."

पुढे गट विरत गेला. कोणी मुलांकडे पुण्याला गेलं, कोणाचे गुडघे गेले. टेकड्या थांबल्या, पण काकांचे दिवे येतच राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी फोन यायचा, "नवा दिवा आला. येतं का?" मी जायची, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दोन्ही दिवे मोजायची आणि क्लासचे पेपर तपासायला पळायची.

मग आकडे घसरू लागले. सत्तर पावलांचे दिवे पन्नासवर आले, पन्नासचे तिसावर. काका कंपन्यांवर उखडायचे, "आता निस्ते फसवून राहिले हे लोक!" पण जुना पिवळा दिवाही घसरला होता. मी तो काहीतरी निमित्त काढून घरी आणला आणि क्लासमधल्या मीटरवर तपासला. त्याचा उजेड चांगला होता. तेव्हा कमी झालं होतं ते दुसरंच काही, आणि हे समजायला फिजिक्सही लागत नव्हतं.

मी सांगायला हवं होतं. हिय्या झाला नाही. त्याऐवजी मी हसरा चेहरा करताना थोडं आवाज करून हसू लागले, रडव्या चेहऱ्याला नाक ओढू लागले. आकडे पुन्हा चढले. काका खूश, आणि मी माझ्या युक्तीवर त्याहून खूश.

गेल्या हिवाळ्यात एकदा दुपारीच त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो. चहा देताना त्यांनी कप स्टुलाच्या कडेबाहेर सोडला. तुकडे गोळा करता करता माझा बांध फुटला.

"काका, डोळे दाखवून या ना एकदा."

"दाखवले. काचबिंदू आहे," ते सहज म्हणाले. "दोन वर्सं झाले. गेलं ते परत येत नाही म्हणते डॉक्टर."

"मंग एवढे दिवे कावून मागवले? तुम्हाले चेहरा..."

"चेहरा कुठचा दिसते! तुझा हसायचा आवाज आला का मी 'हसून राहिली' म्हणत होतो."

"पण कावून, काका?"

त्यांनी रिकाम्या हाताने चाचपत स्टुलाची कड शोधली. मग म्हणाले, "दिवा आला म्हटलं का तू येत होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे एकदाही उगाच गेले नव्हते. इतक्या साऱ्या संध्याकाळी उजेड माझ्या तोंडावर असायचा, आणि त्यामागे त्यांचं तोंड कसं झालंय हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी फोनची वाट न बघता गेले. फाटक वाजलं तसे ते म्हणाले, "आज तं दिवा नाही आला."

"माहीत आहे मले."

"मंग?"

"मंग काही नाही. आली."

"बस," असं म्हणून ते कितीतरी वेळ नुसते माझ्या दिशेने बघत राहिले. असे चार रविवार मिळाले. बोलणं फार झालं नाही, पण मी घड्याळ घरी ठेवून जात होते. नंतर मुलगी आली आणि त्यांना अमरावतीला घेऊन गेली.

पाचव्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. काम काहीच नव्हतं.