सखारामबापूंच्या भिंगावरचा ओरखडा

अकोल्यात, रुई दाबून गाठी बांधायच्या कारखान्यासमोर मी पत्रके वाटत उभा होतो. वलगावचा एक गाडीवान जवळ आला आणि म्हणाला, "तुमचे सखारामबापू गेले. तापानं. तीन दिवसांत." पत्रके हातात तशीच राहिली… आणि पहिला विचार मनात आला तो लाज वाटावी असा : आता तसबीर कोण काढणार? सोमवारी बापू कॅमेरा घेऊन यायचे होते. त्या कारखान्यातल्या दाबाची, म्हणजे रुई दाबायच्या यंत्राची, तुळई चिरलेली आहे आणि तिच्याखाली दिवसभर हमाल राबतात. मालक म्हणतो, चीर नाहीच, ही पत्रकवाल्यांची बोंब आहे. माझ्या लिहिण्याला खोटे म्हणता येते. बापूंच्या तसबिरीला खोटे म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

बापू जातीने माळी. मोजणीवाल्या एका साहेबाच्या तळावर भाजी पोचवता पोचवता ही विद्या शिकले. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे आमच्या कापसाला विलायतेतून मागणी आली आणि शालजोडी पांघरून तसबीर काढून घ्यायची हौस वऱ्हाडातल्या शेटजींना चढली. बापू बैलांच्या दमणीत कॅमेऱ्याचा पेटारा घालून अमरावतीहून अकोल्याला, अकोल्याहून दर्यापूरला फिरत. लोक त्यांना कटकट्या म्हणत. मीही म्हणायचो. उभ्या उभ्या त्यांनी भिंग कधी उघडले नाही. आधी जमिनीवर घोंगडी पसरायची, मांडी घालून बसायचे आणि मगच पेटाऱ्याला हात लावायचा. सुटलेच काही तर घोंगडीवर पडावे. भिंगाचे टोपण काळ्या दोऱ्याने स्वतःच्या मनगटाला बांधलेले. पितळी कडे बसवताना आधी उलटे फिरवायचे, आटे बरोबर बसले की बारीक टक् आवाज येतो, तो ऐकून मग सुलटे. जोर म्हणून लावायचा नाही. उजेड कमीजास्त करायला भिंगात घालायच्या भोकाच्या चकत्या त्यांनी पानसुपारीच्या चंचीत ठेवलेल्या, प्रत्येकीला वेगळा कप्पा, म्हणजे कप्पा रिकामा दिसला की जागेवरून हलायचे नाही. हा सगळा सोहळा बघून मी चिडायचो. "बापू, अशानं दिवस जाईल." ते मान वर न करता म्हणायचे, "जाऊ दे ना भौ. दिवस उद्या अखीन निघते. भिंग मुंबईहून आणा लागते."

अकोल्याच्या आधी अमरावतीच्या दाबाची तुळई अशीच चिरली होती. तिच्याखाली एका हमालाचा पाय गेला, तेव्हा मी बापूंकडे धावलो. तिथल्या शेटजींना आपल्या यंत्राची तसबीर हवीच होती. पगडी घालून ते स्वतः दाबाजवळ येऊन उभे राहिले, चिरलेल्या तुळईच्या अगदी खाली! बापू औषधात भिजवलेली काच आणायला काळ्या तंबूत गेले. जाताना मनगटाचा दोरा सोडून टोपण माझ्या हातात दिले आणि बजावले, "लावून ठेव. काढू नको." मी काढले. चीर दिसते की नाही ते मला बघायचे होते. तेवढ्यात वाऱ्याने रुईचे तंतू उडाले आणि भिंगावर बसले. समोर नव्या कापसाचा ढीग, पांढराशुभ्र. मी त्यातला मूठभर उचलला आणि भिंग पुसले… कर्र झाले. कडेला नखाएवढा ओरखडा.

बापू ओली काच घेऊन बाहेर आले. काच वाळायच्या आत काम उरकायला हवे, हे मलाही माहीत होते.

"कावून पुसलं?"

"कापूस स्वच्छ होता, बापू."

"सच्छ? त्यात सरकीचं टरफल असते, माती असते. कापसाच्या मुलखात जन्म गेला तुहा, अन् तुले हे मालूम नाही? माह्या धोतराचा जुना तुकडा होता ना पेटाऱ्यात!"

बस, एवढेच. चंचीच्या शेवटच्या कप्प्यातून त्यांनी सर्वांत बारीक भोकाची चकती काढली. ती वर्षातून एकदा लागत असेल नसेल. माझ्यासारख्याच्या पेटाऱ्यात असती तर कधीच हरवली असती. "कड झाकली. आता उजेड मधातूनच जाईन. पण येळ लागते." मग शेटजींकडे वळून म्हणाले, "शेटजी, मी सांगेपर्यंत हलू नका. देव होऊन उभं राहा." शेटजी खरेच देव झाले. पापणीसुद्धा हलली नाही. आणि त्यांच्या पगडीच्या वरच ती चीर अशी उमटली की जिल्ह्याच्या साहेबासमोर त्यांना तोंड उघडता येईना. स्वतःच तिच्याखाली उभे! तुळई बदलली गेली.

माझ्या पत्रकांनी हे झाले असे अमरावतीत लोक सांगतात. साफ खोटे आहे. माझ्या घाईने ते बुडत होते, बापूंच्या कटकटीने तरले. सभेत छाती पिटणारे पुष्कळ आहेत, मी त्यातलाच एक. चकती जागच्या जागी ठेवणारा माणूस मी एकच पाहिला.

तेराव्यानंतर बापूंच्या घरी वलगावला गेलो. त्यांच्या पत्नी भागीरथीवहिनींसमोर बसलो, पण अकोल्याचे नाव जिभेवर येईना. त्याच म्हणाल्या, "अकोल्याच्या हमालायचं काय झालं? इचारत कावून नाही?"

"आता तसबीर कोण काढणार, वहिनी?"

"तंबूत बसून काचा कोण भिजवे इतके वर्स? हे काय भाषण हाये, की तुमालेच जमते?"

बाईमाणसाने कॅमेऱ्याला हात लावावा का, यावर गावात कुजबुज झाली. होऊ द्या. वहिनींनी काढलेली तसबीर मी तिथल्या साहेबाच्या कचेरीत ठेवली आणि गेल्या आठवड्यात अकोल्याची तुळई उतरली. हमालांनी स्वतः उतरवली.

त्या तसबिरीसाठी अकोल्याला निघायच्या सकाळी पेटारा दमणीत चढवायला मी पुढे झालो, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आंदी हात धुवा. कोपरापर्यंत." मी विहिरीवर जाऊन धुतले, पुसले, येऊन दाखवले. त्यांनी उलटेसुलटे करून नीट पाहिले. मग पेटारा स्वतःच उचलला, दमणीतल्या घोंगडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी बैलं धरा."

मी कासरा धरला.