तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचतात. पाळकसाहेब विचारतात, कुणाची काही हरकत असेल तर आताच सांगावी. हरकत कुणाचीच नसते. तेवढ्या वेळात मागच्या बाकावरच्या बायका नवरीचा रंग आणि नवऱ्याचा पगार काढून मोकळ्या होतात. मला मात्र हे तीन रविवार नको झाले होते. आमची उपासना आता मोबाईलवरून लाईव्ह जाते, आणि ती कोण कोण पाहतं ते देवालाच ठाऊक.

माझं लग्नही मोबाईलवरच जुळलं. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासते, तो राजूरकडे शाळेवर शिक्षक. पहिल्यांदा भेटायचं ठरलं तेव्हा मी नगरच्या स्टँडजवळचं भर गर्दीचं हॉटेल सांगितलं आणि मैत्रिणीला शेजारच्या टेबलावर बसवलं. हा पठ्ठ्या बहिणीलाच घेऊन आला. म्हणाला, "तुम्हीपण अनोळखीच की!" मला हसूच फुटलं. मग चहा यायच्या आत मी त्याला सगळं सांगून टाकलं.

याच्या आधी एका ॲपवर मला दुसरा एक भेटला होता. पुण्यात इंजिनिअर आहे म्हणायचा. काय होता कोण जाणे. गोड गोड बोलायचा. माझं गाव, कारखाना, काही विचारायची त्याला गरजच नव्हती. माझ्या अकाउंटवर सगळं लिहिलेलं, आणि चर्चची अख्खी मंडळी तिथे मित्रयादीत. तो नको तसले फोटो मागायला लागला तेव्हा मी त्याला चांगला झापला आणि ब्लॉक केला. तर त्याने माझ्या साध्या फोटोतला चेहरा कुठल्या तरी उघड्या बाईच्या अंगावर चिकटवला आणि नव्या नंबरवरून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. मी नंबर ब्लॉक करत गेले, तो नवे काढत गेला. आईला सांगायची छाती झाली नाही. ती अंगणवाडी चालवते, गावात तिला मान आहे. तिच्यापुढे तो फोटो कसा धरणार?

राजूरच्या मास्तरने सगळं ऐकून घेतलं. "ते मेसेज पुसू नका, पोलिसांना दाखवायला लागतील," म्हणाला. "बाकी तुमचा होकार असेल तर माझा आहे." पोलिसांचं मी आज-उद्यावर ढकलत राहिले. होकार मात्र त्याच आठवड्यात दिला.

दुसऱ्या रविवारी नावं वाचून झाली, घरी येऊन चप्पल काढतेय तोच मेसेज आला. 'लाईव्ह पाहिलं. अभिनंदन. पुढच्या रविवारी माझी हरकत सगळ्यांच्या मोबाईलवर येईल.' आता हे लग्न मोडणार, आणि आईची मान खाली जाणार, एवढंच डोक्यात. शेवटी आईला दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"मुडदा बशिवला त्याचा!" आई ओरडली. मग माझ्याकडे वळली. "आन् तू? एवढं पोटात ठिवून रोज माझ्यासमोर जेवत हुतीस?"

मला वाटलं, आता फटका बसणार. पण तिने पिठाच्याच हातांनी मला जवळ ओढलं आणि आम्ही दोघी रडलो. मग ती तडक पाळकसाहेबांकडे गेली. या खेपेला नावं वाचताना लाईव्ह बंद ठेवायचं ठरलं.

तिसऱ्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसले होते. कुणाच्या पर्समध्ये मोबाईल थरथरला की मी मागे वळून पाहायची. पाळकसाहेब स्टँडवरचा मोबाईल बंद करायला वाकले, आणि माझं डोकंच फिरलं. चोरी त्याने केली आणि लपायचं मी?

"राहू द्या साहेब," मी म्हणाले. "चालू राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नावं वाचली आणि हरकत विचारली. मी उभी राहिले.

"अगं बाई, नवरीलाच हरकत!" मागून कुणीतरी म्हणालं. आईने माझा पदर ओढला.

"लग्नाला नाही," मी म्हणाले. "माझा चेहरा लावून एक माणूस घाणेरडा फोटो पसरवणार आहे. तो आता हे पाहत असेल. फोटो आला तर तो माझा नाही. मला येऊन सांगा."

मग पलीकडच्या बाकावरून आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी सुईण चष्मा सावरत उठली.

"त्यो फोटू व्हय? मला कवाच आलाय. नीट बघितला मी. तोंड हिचं हाय, अंग हिचं न्हाई. तान्ही असताना हिला मीच न्हाऊ घातलंय, मला शिकवतो व्हय त्यो!"

सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबसुद्धा. मग संडेस्कूलच्या बाई उठल्या, त्यांनाही आला होता. गायनातल्या दोघींनाही. ज्याची भीती घालून तो मला नाचवत होता ते त्याने कधीच करून टाकलं होतं, आणि माझं काहीच बिघडलं नव्हतं. गायनातल्या एकीने मेसेज जपून ठेवला होता. तो आणि माझ्याकडचे घेऊन आम्ही सोमवारी सायबर पोलिसांकडे गेलो. तपास अजून चालू आहे. लग्न झालं.

पण त्या तिसऱ्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मला आधी रागच आला. मी म्हातारीला धरलं. "आजी, मी इतके दिवस जळत होते. मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कळलं तर जिवाचं काय करून घेशील, म्हनून पुसला आन् गप बसले," ती म्हणाली. "तू तरी कुठं सांगितलंस गं आमाला?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडले.